कॉलिनकाकाचं सुतक

बाबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आम्हा इथल्या मूळ रहिवाशांत माणूस गेला की त्याचं नाव मिटतं, फोटो पालथे होतात, आवाज कुठे साठवून ठेवला असेल तर तो बंद होतो. कधीपर्यंत, ते घरचे ठरवतात. बाबांच्या घरचं म्हणजे आता मी आणि एल्सी आत्या.

पावसाळा सरला, रस्ते सुकले आणि कॉलिनची पर्यटकांची बस पुन्हा आमच्या फाटकाशी आली. तिच्या अंगावर बाबांचा चेहरा दारापेक्षा मोठा हसत होता. हातातलं पीठ तसंच टाकून मी घरामागे गेले. तिथेही आवाज आलाच. बसच्या भोंग्यातून बाबा बोलत होते, "या, आधी सावलीत बसा. घाई कसली?" पाहुण्यांशी ते असंच बोलायचे. मग कॉलिन त्यांचं नाव घेऊन सांगू लागला, "हा माझा भाऊ होता बरं का! सख्ख्याहून जवळचा."

भाऊ हे खरं होतं. तो बाहेरचा, पण मी शाळेत असताना बाबांनीच त्याला धाकटा भाऊ करून घेतलं. त्याच्याकडे बस होती आणि लोक बघायला येतात तो डोह आमचा होता. लोकांनी यावं, पण विचारून यावं, गप्प बसून ऐकावं, असं बाबांना मनापासून वाटे. नात्याशिवाय आमच्यात कुणाला उभं राहायला जागा नसते, म्हणून त्यांनी त्याला नातं दिलं. त्याने ते टोपीत पीस खोवावं तसं मिरवलं.

मी त्याला गाठलं. "काका, ते चित्र झाक. आवाज बंद कर."

"अगं नोरीन, एवढा हंगाम जाऊ दे. लोक त्याच्यासाठीच येतात. त्यालाही आवडलंच असतं की."

"आत्या जेवत नाही."

"होईल गं सवय हळूहळू." माझ्या खांद्यावर थोपटून तो गेला.

संध्याकाळी आत्या निखाऱ्यात भाकर पुरत होती. मी विचारलं, "चाकं फोडू त्याची?"

"फोड. नवी आणेल." तिने राख सारखी केली. "भाऊ म्हणवतो ना? मग होऊ दे त्याला भाऊ. पुरता."

मला उमगायला थोडा वेळ लागला. मग आम्ही दोघी हसलो, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. ते हसू चांगलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पर्थ आणि सिडनीहून बड्या प्रवासी कंपन्यांची माणसं आली. यापुढे कॉलिनकडे लोक पाठवायचे की नाही, हे तीच ठरवणार होती. परक्या माणसाची डोहाशी ओळख आमच्यातल्याच कुणीतरी करून द्यावी लागते. ते काम बाबांचं होतं, आता माझं. कॉलिन मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, आज सगळं रीतीप्रमाणे हं. एक गोष्ट चुकायला नको."

"नाही चुकणार," मी म्हणाले.

पाहुणे गोरखचिंचेखाली बसले. कॉलिनने बाबांचं नाव घेतलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझा भाऊ." मी उठले.

"हे माझे काका. बाबांचे धाकटे भाऊ. तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलंत. भाऊ गेला की आमच्यात मागे राहिलेल्या भावाने चेहऱ्याला पांढरी माती फासायची, बोलायचं नाही आणि गेलेला माणूस जिथे वावरला त्या पाण्याकडे जायचं नाही. आम्ही सोडवू तोपर्यंत. काका तुमच्यासाठी इतके दिवस थांबले होते. आज त्यांना सुतकात बसवते."

आत्या मातीची बादली घेऊन आलीच होती.

कॉलिन हसायला गेला. "अगं, म्हणजे मी काही तसा..."

"तसा काय?" आत्याने विचारलं.

पाहुणे त्याच्याकडे पाहत होते. पिकल्या केसांच्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "कॉलिन, आमची काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. केवढा मान आहे हा!"

भाऊ नाही, एवढंच म्हटलं असतं तर तो सुटला असता. त्याने तोंड उघडलं.

"अंहं," आत्या त्याच्या कपाळाला माती लावत म्हणाली. "भाऊ बोलत नाही."

पाहुण्यांना मी डोहाकडे नेलं. प्रत्येकाने मूठभर वाळू काखेत घासली, मी जुन्यांना, आमच्या गेलेल्या पूर्वजांना, हाक मारली, आणि एकेकाच्या घामाची पाण्याला ओळख करून देत वाळू आत टाकली. कुणी फोटो काढला नाही. बाबांना ही माणसं आवडली असती.

परत येताना सिडनीच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "येताना बसमध्ये आवाज होता तो... तुमच्या वडिलांचा?"

"हो."

"मग तो लावला कुणी?"

तोवर आम्ही झाडाशी पोचलो होतो. सगळ्यांनी कॉलिनकडे पाहिलं. ऊन चढलं होतं आणि चेहऱ्यावरची माती सुकून तडकत होती. त्याला उत्तर देता येत नव्हतं. तो उठला, बसमध्ये गेला आणि अंगठ्याएवढी एक काळी पट्टी काढून आणली. बाबांचा आवाज त्यात होता. त्याने ती माझ्यापुढे धरली. ती घ्यायला माझा हात उचललाही गेला होता.

"आत्याला दे," मी म्हणाले.

मग त्याने भुवया उंचावल्या आणि एक बोट दाखवलं. आठवडा? मी नाही म्हणून मान हलवली. दोन बोटं. मी पुन्हा मान हलवली. तिसरं बोट त्याने दाखवलं नाही.

आत्याने बादली त्याच्या पायाशी ठेवून बसवरच्या चित्राकडे हनुवटी केली. "तेही भावाचंच काम."

पिकल्या केसांच्या बाई त्याला मदत करायला पुढे झाल्या. मी त्यांना थांबवलं. त्याने चित्रातल्या हनुवटीपासून माती फासायला सुरुवात केली, मग हसणारं तोंड झाकलं, मग गाल. मला दया येईल असं वाटलं होतं, पण ती आली नाही. डोळे त्याने शेवटी ठेवले. मी बाबांच्या त्या डोळ्यांकडे पाहत उभी होते आणि मी त्याला घाई केली नाही.