जेवणानंतरच्या तीन गोळ्या

शालनने नाश्त्यानंतर गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत आमच्या घराचा पॅसेज रुंद होतो. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा हा पॅसेज एरवी दोन फुटांचा, आणि गोळ्या लागू पडल्या की साडेतीन फुटांचा. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवे मोजले, त्यामुळे टेप माझ्या हाताशीच असते. शालन माझी बायको. पाच वर्षांपूर्वी तिला ब्लडप्रेशर निघालं आणि त्याच आठवड्यात भिंती जवळ आल्या.

गुलाबी गोळी भिंतींना सैल करते, जेवण जास्त झाल्यावर आपण परकराची किंवा लेंग्याची नाडी करतो तशी. पांढरी गोळी फरशीखालच्या पंपासाठी. तो पंप कुणी बसवलेला नाही, पण सारखा ठोके देत असतो, आणि पांढरी गोळी त्याला जरा दमाने घ्यायला लावते. पिवळी गोळी अगदी बारकी. भिंतीत साचलेलं पाणी ती मिठासकट मोरीतून काढून टाकते. तिच्यामुळे शालनच्या सकाळभर बाथरूमच्या खेपा होतात आणि ती माझ्यावर डाफरते, जणू गोळी मीच शोधून काढली. पाच वर्षांत या तिघींनी एकदाही दांडी मारली नव्हती.

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळे नीट झाले तर सोळा सोमवार करीन, असं शालन परस्पर बोलून बसली होती. डोळे झाले नीट. मग उपवास सुरू झाले आणि दर सोमवारी पॅसेज चार-पाच इंच कमी भरू लागला. मी टेपला दोष दिला.

काल एकादशी होती आणि आज सातवा सोमवार. सकाळी अकराला मी चहाचा कप ठेवायला निघालो तर पॅसेज चौदा इंच. फरशी पायाला हादरत होती. भिंतींना ओल आली होती आणि जिभेला लावून पाहिली तर ती खारट. पलीकडून शालन म्हणाली की डोकं ठणकतंय आणि जरा दम लागतोय, पण साबुदाणा भिजलाय, काळजी करू नका.

मी गोळ्यांचा डबा उघडला. रविवारचा कप्पा भरलेला, सोमवारचाही भरलेला. विचारलं तर तिने शांतपणे सांगितलं की पाकिटावर जेवणानंतर असं लिहिलंय, उपवासाला जेवण नसतं, आणि फराळ म्हणजे काही जेवण नव्हे.

मी डॉक्टर बेंद्र्यांना फोन लावला.

"किती इंच?" त्यांनी विचारलं.

"अकरा. मघाशी चौदा होते."

"गोळ्या चुकल्यात. जेवणानंतर म्हणजे पोटात काहीतरी असताना. साबुदाणा चालेल, केळं चालेल. राहिलेल्या भरून काढायला जास्त देऊ नका. आजच्या तेवढ्या द्या आणि त्यांना लगेच इकडे घेऊन या."

घेऊन कसं यायचं, हे विचारायच्या आत पॅसेज आठ इंच झाला. मी आडवा होऊन शिरून पाहिलं. पोट अडलं. या पोटाबद्दल शालन मला तीस वर्षं बोलते आहे आणि तिचं खरं होतं. मी तीन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि हात आत घातला. पॅसेजची लांबीही आखडून हाताएवढीच उरली होती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

"केळं खा आणि या घे," मी म्हणालो.

"नवस मोडेल."

"कशाचा नवस?"

"तुमच्या डोळ्यांचा."

"डोळे झाले बरे. पण शालन, तू दिसत नाहीयेस."

फरशीखाली पंप भरधाव चालला होता, एकेक ठोका निसटत होता. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, धरणाचं दार अडकलं होतं त्या वर्षीसुद्धा नाही. चाळीस वर्षं मी या बाईवर प्रेम केलंय आणि तिला ते कधी धडपणे सांगितलं नाही. आता भिंतीच्या फटीत तोंड घालून सांगितलं. ती म्हणाली, शेजारी ऐकतील.

मग केळ्याची साल सोलल्याचा आवाज आला. तिची बोटं माझ्या तळहातावर आली. एक गोळी उचलली, दुसरी उचलली. तिसरी सापडेना म्हणून ती माझा पंजा चाचपत राहिली, आणि तेवढ्यात माझ्या दंडाभोवती भिंत मिटली.

"हात काढू नका," ती म्हणाली.

आता माझ्यासमोर चुना दिलेली सपाट भिंत आहे. खांद्यापर्यंत मी अलीकडे आहे. पलीकडे भांड्यात पाणी ओतलं जातंय आणि माझी बोटं कुणीतरी घट्ट धरली आहेत.