एक हात, एक नाव

देवचंदला तत्त्वज्ञानाचं वेड लागलं ते पुस्तकामुळे नव्हे, केळीमुळे.

१९६८ साली तो जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता आणि मेहरूणला एका मारवाडी दुकानदाराच्या वरच्या खोलीत राहायचा. शेजारच्या खोलीत अभयकुमार नावाचा जैन मुलगा होता. रोज संध्याकाळी दोघं तलावाच्या काठी बसून आत्म्यावरून भांडत. अभयकुमार म्हणे, आत्मा सगळ्यांत आहे, पाण्याच्या थेंबातसुद्धा आहे. देवचंद म्हणे, दाखव. पोट घरच्या दाण्यावर भरत असलं की विशीतल्या पोरांना आत्म्यावरून भांडायला फार आवडतं.

मग एका रविवारी तो असोद्याला एका मित्राच्या केळीच्या बागेत गेला. वाऱ्याने एक न निसवलेली, अजून घड न धरलेली केळ आडवी पडली होती. देवचंदने विळा घेतला आणि तिचं खोड सोलायला बसला. खोडाचा एक सोप, एक पदर निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. मित्र हसून हसून बेजार झाला. शेवटी हातात एक पांढरी गुंडाळी राहिली, ती सोडवली तर तेही पानच. आत लाकूड नव्हतंच. शेतकऱ्याच्या पोराला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात लख्ख पडणं वेगळं. माणूसही असाच, त्याच्या मनात आलं. नाव सोला, नातं सोला, सवयी सोला, आत कोणी बसलेलं नाही. 'मी' म्हणजे लोकांनी हाक मारायला ठेवलेलं एक नाव.

केवढा आनंद झाला त्याला! घरात तो धाकटा. थोरल्या भावाचे उतरलेले सदरे घालून वाढलेला, कोणी कधी 'तुझं काय म्हणणं?' असं न विचारलेला. आता त्याचं स्वतःचं एक म्हणणं होतं. ते तो दिसेल त्याला ऐकवायचा. मेसच्या आचाऱ्यालासुद्धा ऐकवून झालं होतं.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तो गावी निघाला. गाव धुळ्याच्या अलीकडे, पांझरेच्या काठी. एसटीतून उतरला तेव्हा भर दुपार होती आणि मारुतीच्या पारावर चिटपाखरू नव्हतं.

घरी पाय ठेवला तर ओसरीवर सगळी भाऊकी जमलेली. आतून हुंदके ऐकू येत होते. देवचंदने ओळखलं, वहिनी रडते आहे.

थोरला भाऊ पुना, चालताना डावा पाय किंचित ओढणारा, तीन वर्षांपूर्वी रावेरला केळीच्या ट्रकवर हमालीला गेला होता. एका ट्रकबरोबर उत्तरेकडे गेला तो परत आलाच नाही. मागे त्याची बायको मंदाबाई, बावीस वर्षांची, मूलबाळ नाही. आई भागाबाई रोज संध्याकाळी वाटेकडे बघायची आणि मंदाबाई रोज सकाळी कुंकू लावायची. एवढ्या दोन गोष्टींवर पुना त्या घरात जिवंत होता.

आणि कानबाईच्या गव्हावर. त्या घराची रीत अशी, की कानबाईच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, दळण काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाने स्वतःच्या हाताने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा आणि टाकताना आपलं नाव मोठ्याने घ्यायचं. जो गावाला गेला असेल त्याची मूठ पाठच्या भावाने टाकायची, आणि सोमवारी नदीवर त्याचं नाव पुकारलं की त्याचा रोटही त्यानेच घ्यायचा. ज्याचं नाव सुपात पडलं तो वर्षभर घराचा. नाव पडलं नाही, तर तो माणूस आहे असं घर धरत नाही. दोन वर्षं पुनाची मूठ देवचंदनेच टाकली होती.

चुलत्यांत सगळ्यांत थोरले बन्सीलाल आबा. देवचंदचा बाप लहानपणीच गेल्यामुळे घरात त्यांचाच शब्द चालायचा. आबा वाईट माणूस नव्हते. पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत.

"आवंदा पुनानी मूठ पडाव नही," आबा म्हणाले. "रावेरना मानूस सांगी गया, रेल्वेना रूळवर कोनतरी सापडना व्हता. कितला दिन खोटं खोटं नाव लेवानं? जो समोर शे तोच मूठ टाकी. एक हात, एक नाव."

"मग वहिनी?" देवचंदने विचारलं.

"सोमवारे नदीवर तिन्या बांगड्या उतारना पडतीन."

आतले हुंदके थांबले. देवचंदच्या मस्तकात तिडीक गेली. शाळेत असताना याच वहिनीने सासूची नजर चुकवून त्याच्या दप्तरात भाकरीबरोबर गुळाचा खडा टाकलेला. रुळावर सापडलेला माणूस कोणी पाहिला? कोणी नाही. ऐकीव गोष्टीवर एका बाईचं कपाळ पुसायचं! तो तावातावाने बोलायला लागला, चांगल्या पुस्तकी मराठीत. प्रत्यक्ष काय, अनुमान काय, शब्दावर किती विश्वास ठेवावा, सगळं सांगितलं. आबांनी पान जमवलं, तोंडात टाकलं आणि सूप पुढे ओढलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एकेक जण येऊन मूठ टाकू लागला. देवचंदची पाळी आली. गव्हात हात घालताना त्याला एकदम सुचलं, आणि सुचलं तेव्हा स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला. यांच्याच कायद्याने यांना धरायचं. शिवाय त्याच्या मताप्रमाणे त्यात जाणार काय होतं? नाव म्हणजे नुसती हाक.

त्याने मूठ सुपावर धरली आणि मोठ्याने म्हणाला, "पुना."

धुरपदाबाई काकू जातं पुसत होती, तिचा हात थांबला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग देवचंदनी मूठ?"

"ती राहू द्या," देवचंद हसून म्हणाला. "देवचंद म्हणून कोणी नाहीच."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार? आबांनी सूप उचललं, तीनदा पाखडलं आणि धुरपदाबाईच्या पुढे ठेवलं. जातं घरघरायला लागलं. देवीच्या नावाने जात्यात गेलेला दाणा परत काढत नाहीत.

तो विजयी मुद्रेने आत गेला. आई चुलीपाशी होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "पुना, घागर उतारी दे रे."

त्याला वाटलं, आई चेष्टा करते आहे. बरं वाटलं. तीन वर्षांत आईने चेष्टा अशी केली नव्हती. त्याने घागर उतरवून दिली.

हातपाय धुवायला मोरीकडे गेला तर मंदाबाई तांब्या घेऊन उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण कपाळावर कुंकू ताजं होतं. एरवी ती त्याला 'देवाभाऊ' म्हणायची, त्याच्या केसांची, चष्म्याची खिल्ली उडवायची. आज तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नजर जमिनीला लावली.

"आयकं का?" ती हळूच म्हणाली. "पानी तापाडेल शे. हातपाय धोई ल्या."

खानदेशात काय आणि कुठे काय, बाई 'आयकं का' असं एकाच माणसाला म्हणते.

"वहिनी," तो म्हणाला, "हे काय?"

ती आत निघून गेली होती. मोरीच्या दगडावर पुनाचं धुतलेलं धोतर घडी करून ठेवलेलं होतं.

आल्या आल्या पिशवी टांगली होती त्या खोलीत तो गेला. पिशवी खुंटीवर नव्हती. त्याची पुस्तकं, सदरा, चपला, सगळं वरच्या फळीवर नीट रचलेलं होतं. ती फळी त्याला ओळखीची होती. तीन वर्षं तिच्यावर पुनाच्या वस्तू असायच्या, आणि आई त्या दर सोमवारी पुसून परत ठेवायची. पुनाच्या चपला आता दाराशी होत्या. अनवाणी अंगणात जायचं कसं, म्हणून त्याने त्या पायात सरकवल्या. लहानपणी त्या चपलांत त्याचे पाय निम्मे राहत, आई हसायची. आता त्या बरोबर बसल्या. पाय वाढले असतील, त्याने स्वतःला समजावलं. दुसरं काय असणार?

उन्हं कलली तेव्हा शेजारची कुंदाबाई कानबाईसाठी फुलं घेऊन आली. देवचंद ओट्यावरच बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि आईला विचारलं, "भागाबाई, देवचंद नही उना का आवंदा?"

"नही वं माय," आई म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला. "जळगावले शिकाले गया, तो गयाच. काय खबर नही. बठ्ठं घर शे, तोच नही."

देवचंद उठला. जाऊन आईच्या समोर बसला, तिचे दोन्ही हात धरले. "आई, बघ माझ्याकडे. पुरे झालं. मी देवचंद आहे."

आईने पाहिलं. डोळ्यांत वेड नव्हतं, थट्टा नव्हती. होती ती नुसती माया, आणि ती मायाच त्याला सगळ्यात भयंकर वाटली. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"तुले बी त्यानी याद येस ना रे?" ती म्हणाली.

त्या दिवशी तो गावभर फिरला. देवळात गेला, शाळेच्या जुन्या मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, ये पुना, बस, धाकट्याचा काही पत्ता? आपण कोण हे सिद्ध कसं करावं, हे त्याला कोणत्याही तासाला शिकवलेलं नव्हतं. प्रत्यक्ष म्हणावं तर सगळ्यांना प्रत्यक्ष पुना दिसत होता. शब्द म्हणावा तर अख्खं गाव एकच शब्द बोलत होतं. उरला तो एकटा, आणि त्याने स्वतःच भर ओसरीवर, हसत हसत साक्ष दिली होती की देवचंद म्हणून कोणी नाही.

पळून जावं असं वाटलं. जळगावची एसटी फाट्यावर मिळाली असती. पण तो गेला तर सोमवारी नदीवर पुनाचं नाव पुकारल्यावर पुढे कोण येणार? त्याला वहिनीच्या बांगड्या दिसत राहिल्या. तो फाट्यापर्यंत गेला आणि परत फिरला. भीती वाटत होती हे खरं. पण परत येताना आपल्या चालीत भावाचा डावा पाय ओढणं आलं आहे हे जाणवलं, तेव्हा मात्र त्याला रस्त्यातच खाली बसावं लागलं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे काढले, नथ घातली, केळीचे खांब लावले. बाया गाणी म्हणत होत्या. देवीच्या काढलेल्या डोळ्यांकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, कारण त्याच्या लेखी तो नारळ होता. सगळा वेळ तो खाली मान घालून बसला. नारळाला इतकं कोणी घाबरत नाही.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई पांझरेवर गेली. पाणी गढूळ होतं. आरती झाल्यावर आबा काठावर रोटांची परात घेऊन उभे राहिले आणि एकेक नाव पुकारू लागले. ज्याचं नाव, त्याने पुढे यायचं, रोट घ्यायचा. रोट तसाच राहिला तर तो नदीत सोडायचा, आणि त्या नावाबरोबर सगळं सोडायचं. धुरपदाबाई एका दगडापाशी बसली होती. बांगड्या कुठे वाढवतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुना," आबांनी पुकारलं.

कोणी हललं नाही. मंदाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कोन शे तू?" आबांनी देवचंदकडे वळून विचारलं. आवाज रागाचा नव्हता. विचारायची रीतच असावी तसं त्यांनी विचारलं.

देवचंद पुढे झाला. दोन पर्याय होते, आणि दोन्ही त्याला स्वच्छ दिसत होते. देवचंद म्हटलं, तर ती बाई आज, इथे, विधवा होणार. पुना म्हटलं, तर? तर काय जाणार होतं? त्याचं मत खरं असेल तर काहीच नाही. सोललेल्या केळीचं काय जातं? मत खोटं असेल, तर आत कोणीतरी असेल, आणि ते ओरडेल.

"हाव," तो म्हणाला. "मी पुना."

रोट हातात घेऊन तो थांबला. आतून कोणीतरी नाही म्हणेल म्हणून त्याने वाट पाहिली. पूर्ण मन लावून, जीव मुठीत धरून पाहिली. ढोल वाजत होता, नदी वाहत होती. आत कोणी काही बोललं नाही.

आबांनी पुढची नावं पुकारली, त्यांत देवचंद नव्हता. परात रिकामी झाली. शेवटचा रोटही कोणीतरी घेऊन गेलं, आणि रिकाम्या परातीकडे बघून आईने हंबरडा फोडला. धाकट्या पोराचं नाव घेऊन ती वाळूत बसली, छाती पिटायला लागली. बायांना ती आवरेना.

तो तिच्याजवळ गेला, डावा पाय किंचित ओढत. खाली बसून त्याने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. त्यालाही भावाची फार आठवण येत होती.

"रडू नको, माय," तो म्हणाला. "येई तो."