झाडलेलं रान

सूर्यभानचं रान कधी कुणी कचऱ्यात पाहिलं नव्हतं. कुळव मारलेली त्याची जमीन सारवलेल्या अंगणासारखी दिसायची. सत्तरी उलटली तरी बांधावरची काडी तो वाकून उचलायचा.

सुनेच्या एकराचं मात्र त्याला काही कळेना. कर्जतकडच्या त्या उघड्या माळावर पंकजानं शेवगा, सीताफळ, हादगा, लिंबोणी, बोर, तूर असं सगळं एकात एक लावलं होतं. प्रत्येक झाडाशी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, मुळांना पाणी झिरपत राहावं म्हणून. दसरा झाल्यावर ती आणि त्याचा मुलगा कल्याण ऊसतोडीला निघाले, तेव्हा ती म्हणाली होती, "आबा, आठ दिसाला मडकी तेवढी भरा. हा उन्हाळा झाडांनी काढला, तर पुढल्या साली उसाला जायचं न्हाई. हितंच ऱ्हायचं."

सूर्यभाननं मडकी कधी कोरडी पडू दिली नाहीत.

माघात पानं गळाली. बुडाशी आधीच गवत, तुरकाट्या, पाचट पसरलेलं. त्यावर हा पाचोळा. शेजारचा रामहरी बांधावर उभा राहून हसला.

"तात्या, सुनंनं रान केलंय का उकिरडा?"

"पोर उसात राबतीय. तिला कुठला येळ?"

"तुमी हाय की! का तुमचं बी हात गेलं?"

ते लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच सूर्यभान दाताळं घेऊन रानात शिरला. चार दिवस खपून त्यानं बुडं साफ केली, ढीग घातले, काडी लावली. रान लख्ख झालं. पोर बघून सुखावेल, असं त्याला वाटलं.

फाल्गुन लागला तशा त्या लख्ख जमिनीला भेगा पडल्या. आठ दिवस पुरणारं मडक्यातलं पाणी तिसऱ्याच दिवशी तळाला जाऊ लागलं. लिंबोणीनं पानं मुडपली. त्यानं जमिनीवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. साफ करायच्या आधी एकदा इथलाच पाचोळा त्यानं पायानं सारला होता, तेव्हा खालची माती गार लागली होती. तो उन्हात तसाच उकिडवा बसून राहिला.

संध्याकाळी पंकजाचा फोन आला. "आबा, झाडं कशी हायती?"

"हायती," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दारात गाईसाठी कडब्याची गंज रचलेली होती. त्यातली एक पेंढीही त्यानं कधी पावसात भिजू दिली नव्हती. सकाळी त्यानं गंज फोडली आणि पेंढ्या झाडांच्या बुडाशी पसरायला लागला.

रामहरी धावत आला. "डोस्कं फिरलं का तात्या? गाय काय खाणार?"

"गाय रतनीकडं धाडतो. बहीण हाय माझी, न्हाई म्हणायची न्हाई. तिकडं हिरवं हाय."

"आन् चहाला दूध?"

"कोरा पिऊ."

पाडव्यानंतर दोघं परतली. सूर्यभान फाट्यावरच आडवा आला.

"पंकजा, घरी जायच्या आदी ऐक. पाचोळा म्या जाळला. रामहरीनं रानाला उकिरडा म्हटलं, म्हणून साफ करायला गेलो. फोनवर सांगायची छाती झाली न्हाई."

"आबा, तुमाला कुनी सांगितलं हुतं?" कल्याण ओरडला.

"त्यांना नगं बोलू. मडक्याचं म्या सांगितलं, पाचोळ्याचं सांगायचं ऱ्हायलं," पंकजा म्हणाली आणि डोक्यावरचं गाठोडं कल्याणकडे देऊन थेट रानात गेली.

ती झाडाझाडाची साल नखानं खरवडून बघू लागली. शेवगा आतून हिरवा होता. सीताफळ, बोरही. लिंबोण्या आणि हादगे वाळून गेले होते. कडब्याखाली हात घालून तिनं मातीतली ओल चाचपली.

"निम्मं हाय," ती म्हणाली. "अजून एक साल जावं लागंल उसाला."

सूर्यभाननं मान खाली घातली. "म्या येतो तुझ्या जागी. मोळ्या बांधीन."

"तुमी उसात येऊन काय करनार, आबा? हितं कोन बघंल?" ती उठली, हाताची माती तिनं लुगड्याला पुसली. "बुडाशी काय लागतं ते आता तुमाला कळलंय. रामहरीला काय बी म्हनू द्या."

मडकी भरायचा दिवस होता. सूर्यभान घागर घेऊन हौदाकडे गेला.