तेरोमधून उडी

नोएमी आरास्काएताच्या पहिल्या कादंबरीतलं विमान जन्मात उडू शकलं नसतं, हे सगळ्या कोर्दोबा शहराला पहिल्या आठवड्यातच कळलं. ज्या शहरात आजा, बाप आणि लेक अशा तीन पिढ्यांनी विमानं बांधली, तिथे खोटं विमान खपवायला जाणं म्हणजे आचाऱ्यांच्या पंगतीत कच्चा भात वाढणं. एका निवृत्त वैमानिकाने तर रेडिओवर हिशेब करून सांगितलं, "एवढ्याशा पंखांवर हे उडेल, पण कड्यावरून ढकललं तरच." बाई पुढे आठ दिवस पाव आणायलासुद्धा बाहेर पडली नाही.

पण नोएमी हट्टी. दुसऱ्या कादंबरीत तिने पुन्हा युद्धच घेतलं. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, पण कधीच न घडलेलं; त्या जगात जेट इंजिन कुणाला सुचलेलंच नाही आणि आकाश अजून प्रोपेलरचं आहे. तिचं नवं विमान एकाच माणसाचं होतं. प्रोपेलर नाकावर नव्हता, वैमानिकाच्या पाठीमागे होता आणि शेपटीला दोन लांब दांडे होते. माळावर कोकलत फिरणाऱ्या तेरो पक्ष्याचं नाव तिने त्याला दिलं होतं. हस्तलिखित सोमवारी प्रकाशकाकडे द्यायचं होतं. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती: विमान कारखान्यातल्या एका तरी माणसाने म्हणावं, "हे उडालं असतं."

म्हणून शनिवारी सकाळी आराखड्यांची गुंडाळी काखेत मारून ती पेन्शनरांच्या क्लबात दॉन एवारिस्तो लुकेंपुढे उभी राहिली. छत्तीस वर्षं विमानांच्या पत्र्याला रिव्हेट मारलेला हा माणूस. कानाने अधू, जिभेने मुळीच नाही.

त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला, 'माते' या कडू चहाची नळी तोंडातून काढली आणि म्हणाले, "कागदावर गाढवही उडतं, पोरी. जमिनीवर आख."

"इथे? केवढं?"

"आहे तेवढं! अर्धं विमान कधी उडालेलं ऐकलंयस?"

कोर्दोबात बारशाचं नाव सरकारी कागदापुरतं असतं. एवारिस्तोंच्या दोन दोस्तांपैकी विजेची कामं करणारा बुटका तो 'पिसू', आणि तोंडात सतत शिव्या असणारा ढेरपोट्या तो 'बिशप'. पिसूने फुटबॉलच्या मैदानासाठी आणलेली फक्कीची गोणी ओढत आणली, बिशपने टेप धरला. दुपारपर्यंत गवतावर अख्खं तेरो आडवं झालं. पंख अकरा मीटर चाळीस; उजव्याचं टोक थेट मांस भाजायच्या शेगडीपाशी पोचलं.

आपलं विमान खऱ्या मापात पाहून नोएमीला राहवेना. ती धावत रेघांच्या आत शिरली.

"बूट!" तिन्ही म्हातारे एकदम ओरडले.

ती जागच्या जागी थिजली. पाहते तो तिघांनीही बूट-मोजे काढून रेघेबाहेर ओळीने ठेवलेले.

"कारखान्यात पत्र्याला कात्री लागायच्या आधी विमान असंच जमिनीवर आखायचे," बिशप म्हणाला. "त्यावर बूट घालून चढला, तर साक्षात जनरललाही आम्ही हाकलला असता."

नोएमीने मुकाट्याने चपला काढल्या. खेळ म्हणून ही माणसं अनवाणी होत नसतात, हे तिला कळलं.

परीक्षा सुरू झाली. एवारिस्तो इंजिनापाशी उकिडवे बसले. "कार्बोरेटर बदलायला माझा हात कुठून जाणार?"

"इथून. डाव्या बाजूला झडप ठेवलीय."

त्यांनी हवेतच कोपरापर्यंत हात घातला, मनगट वळवलं आणि नुसतं हुं केलं. मग चाकं. ती शेपटीच्या दांड्यांत मिटतात का, ते बिशपने टेप लावून पाहिलं. "मावतात! वर दोन बोटं जागा उरते!" नोएमीने चक्क टाळ्या पिटल्या.

"वैमानिक कोण?" एवारिस्तोंनी विचारलं.

"लेफ्टनंट इरुपे. छोट्या चणीची आहे."

पिसूला खुर्ची देऊन आत बसवला. बिशप त्याच्या मागे केरसुणी गरगरा फिरवत उभा राहिला, तो प्रोपेलर. एवारिस्तो म्हणाले, "मी वारा. पिसू, आग लागली! मार उडी!"

पिसूने कडेने उडी घेतली. वाऱ्याने त्याला मागे ढकललं आणि केरसुणी सप्पकन पाठीत बसली.

"मेलो रे!" पिसू ओरडला, बिशप हसून हसून लोळायला लागला. एवारिस्तो मात्र हसले नाहीत.

नोएमी आनंदाने उडालीच. "सापडलं! अहो, एकोणिसाव्या प्रकरणात इरुपे विमानासकट जळते. ती उडी का मारत नाही, याचं उत्तर मी वर्षभर शोधतेय. हेच ते! मागे प्रोपेलर आहे!"

बिशपचं हसू मावळलं. "मरते? पोरगी मरते?"

"हे विमान कुठल्या कारखान्यातून बाहेर पडलं?" एवारिस्तोंनी विचारलं.

"आपल्याच. म्हणजे कादंबरीतल्या."

"मग नाही पडलं. ज्यातून माणसाला बाहेर पडता येत नाही, ते आम्ही फाटकाबाहेर जाऊ दिलं नसतं."

"पण युद्ध आहे, घाई आहे..."

"घाई आम्हाला काय कमी होती?"

"म्हणजे विमान खरं वाटणार नाही?"

"विमान वाटेल गं. आम्ही खोटे ठरू."

नोएमीचा चेहरा पडला. पण तोवर म्हाताऱ्यांची जुंपली होती. पिसू म्हणाला, खालून दार काढू. तर तिथे पुढचं चाक. बिशप म्हणाला, इंजिन बंद करू. तर वाऱ्यावर प्रोपेलर फिरतच राहणार.

"फेकून द्या त्याला!" एवारिस्तो गरजले. "प्रोपेलर चार पोकळ बोल्टांवर बसवायचा. बोल्टांत चिमूटभर दारू. डाव्या गुडघ्यापाशी एक दांडी. ओढली की धडाम!"

"पण मागचं वजन गेलं की नाक खाली जाईल," पिसू म्हणाला.

"मग उत्तमच की!" नोएमीच ओरडली. आपण काय बोलून बसलो, हे तिला नंतर कळलं. "नाक खाली गेलं, तर ती आपोआप सीटवरून उचलली जाईल!"

एवारिस्तोंनी तिच्याकडे पाहिलं, प्रथमच नीट. "हे," ते म्हणाले, "उडालं असतं."

पुन्हा प्रयोग झाला. बिशपने केरसुणी भिरकावली, ती शेगडीवर भाजत ठेवलेल्या बरगड्यांवर जाऊन पडली. पिसू उडी मारून गवतावर सुखरूप उतरला आणि त्याने हात उंचावले. जळक्या केरसुणीच्या वासाचं मांस सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

नोएमी घरी परतली ती हवं ते मिळवून आणि एकोणिसावं प्रकरण गमावून. त्यापुढची तीन प्रकरणं, इरुपेची प्रेतयात्रा, आईचं पत्र, सगळं पाण्यात. रागाने तिने भांडी आदळली. मग रविवारी सकाळी टेबलाशी बसली. विमान पेटलं. इरुपेचा हात डाव्या गुडघ्यापाशी गेला. धडाम! नाक कलंडलं, आणि पोरगी धुरातून बाहेर, हवाई छत्रीला लटकत, जिवंत, खाली शत्रूची नदी. पुढे ती काय करणार, याचा नोएमीला काडीचाही पत्ता नव्हता, आणि वर्षभरात ती इतकी खूश झाली नव्हती. प्रकाशकाला तिने एकच ओळ लिहिली: "सोमवारी जमत नाही, नायिका अजून हवेत आहे."

दुपारी तिने क्लबात फोन लावला. "दॉन एवारिस्तो, तिने उडी मारली!"

"काय?"

"इरुपे! वाचली!"

"वाचली रे पोरगी!" म्हातारा तिकडे ओरडला. टेबलं बडवल्याचा आवाज आला, बिशपची एक कचकचीत शिवी आली. मग एवारिस्तो पुन्हा फोनवर आले. "आणि विमान?"

"ते गेलं. जळून नदीत पडलं."

"पडू दे," एवारिस्तो म्हणाले. "दुसरं बांधू."