भर पावसात कोरडी पन्हळ

मित्रांनो, मातीच्या सपाट छपराच्या, म्हणजे धाब्याच्या, घरांना अंगणाच्या बाजूने एक लाकडी तोंड बाहेर आलेले असते. धाब्यावर साचलेले पावसाचे पाणी त्या तोंडातून खाली उतरते. ते तोंड म्हणजे मी, एक जुनी सागवानी पन्हळ. आमच्या वऱ्हाडात मला 'पन्हय' म्हणतात.

माझे लाकूड मेळघाटातले. बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात सुताराने मला कोरून पोकळ केले आणि अब्दुल सत्तार नावाच्या गवंड्याने गोवर्धन नावाच्या शेतकऱ्याच्या घराच्या भिंतीत बसवले. माझे एक टोक धाब्यावर, दुसरे अंगणावर. शेजारीच उजेडासाठी ठेवलेला झरोका होता. त्यामुळे घरातले बोलणे मला वर बसून ऐकू येई.

पावसाळ्यात मला उसंत नसे. माझी धार अंगणातल्या फरशीवर पडे, आणि गोवर्धनची म्हातारी आई तानुबाई त्या धारेखाली भांडी लावून ठेवी. "पन्हय गात हाय तवरिक घराले धोका नाई," असे ती म्हणे. तिचे ते शब्द ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे अमेरिकेत मोठी लढाई पेटली. तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. जो तो ज्वारी सोडून कपाशी पेरू लागला. घराघरांत माणसांनी अंग चोरून झोपावे आणि कापसाने पाय पसरावे, असे झाले. गोवर्धनच्या माजघरातही अर्ध्या जागेत कापूस आढ्यापर्यंत रचला जाऊ लागला.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी भाद्रपदात माझ्या आणि भिंतीच्या मधला सांधा उघडला. उन्हाने माझे लाकूड आक्रसले होते. तिथून पाणी झिरपून माजघराच्या भिंतीवर ओल उतरली. ती पहिल्यांदा दिसली गोवर्धनच्या बायकोला, जमुनाला.

"आवो, सत्तारभाऊले बोलवा," ती म्हणाली. "धाबं त्यायनंच बांधलं. त्यायले ठाव असंन."

सत्तार गावात कुठे होता? आगगाडी येणार म्हणून अकोल्याकडे पुलांची कामे निघाली होती. वऱ्हाडातले गवंडी, बेलदार, सुतार सगळे तिकडे धावले होते. गोवर्धनने निरोप धाडला. दसरा झाल्यावर येतो, असे उत्तर आले. दसरा गेला, दिवाळी गेली, सत्तार आला नाही.

कापूस वेचून घरी येऊ लागला तसा गोवर्धनचा धीर सुटला.

"त्याची वाट पाहत बसू का मी? धाब्यावर माती टाकाले काय मोठी इद्या लागते?"

"टाका. पन पांढरी माती आना," जमुना म्हणाली.

"बैल अकोल्याले कापूस वाहून राहिले. गढीवरची माती कोन आनते? वावरातली चार टोपले टाकून देतो. आता काय पाऊस हाय?"

जमुनाच्या कपाळावरची आठी मला वरून दिसत होती. मित्रांनो, आमच्या वावरातली काळी माती कपाशीसाठी जेवढी चांगली, तेवढीच धाब्यासाठी वाईट. उन्हात ती भेगाळते आणि पाण्यात फुगून दगडासारखी जड होते. पडक्या गढीची पांढरी माती मात्र पाणी आत झिरपू देत नाही. हे गोवर्धनलाही माहीत होते. पण घाईत माणसाला माहीत असलेलेही आठवत नाही.

त्याने माझ्याभोवती काळ्या मातीचा गिलावा थापला. वर आणखी जाड थर दिला. एक मोठा गोळा निसटून माझ्या घशात बसला. तो काढायचे त्याच्या ध्यानात आले नाही. काम झाल्यावर खाली उतरून तो अभिमानाने वर पाहत राहिला. शेजारीपाजारी म्हणाले, "गोवर्धनभाऊ, तुमी तं गवंडीच झाले!" आणि खरेच, त्यानंतर भिंत सुकली. पाऊस नव्हता, म्हणून सुकली.

माघात गोवर्धनची बहीण सुभद्रा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. माजघरातच, कापसाच्या गंजीशेजारी तिची खाट टाकली. एके दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या, आणि दुपार व्हायच्या आत आभाळ काळेनिळे झाले. अवकाळी पाऊस आला तो गारा घेऊनच.

टपोऱ्या गारा धाब्यावर आदळू लागल्या. पाण्याबरोबर घरंगळत त्या माझ्या तोंडाशी आल्या आणि घशातल्या गोळ्यावर येऊन थटल्या. मागून पालापाचोळा आला. माझा घसा पुरता बंद झाला. पाणी माझ्यापाशी येई, धडक देई आणि मागे फिरे. बघता बघता सगळ्या धाब्याचे तळे झाले. काळी माती पाणी पिऊन फुगली. खालची मधली तुळई एकदा कण्हली, मग पुन्हा कण्हली. मित्रांनो, ओरडता आले असते तर मी गाव गोळा केला असता.

माजघरात आढ्यातून पाण्याची धार लागली. गोवर्धन धावत आत आला आणि थेट कापसाला भिडला. कवेत कापूस घ्यायचा, ओसरीवर नेऊन टाकायचा, पुन्हा आत यायचे.

"अरे बाप्पा, साऱ्या वर्साचं सोनं भिजून राहिलं!"

"गोवर्धन!" तानुबाई ओरडली. "कापूस टाक तो! वर पाह्य, माती झडून राहिली."

तुळईच्या फटीतून माती भुरभुरत होती. ती सुभद्राच्या पांघरुणावर पडली.

"माय, मले बाहेर न्या वं," सुभद्रा कळवळली.

"आता तुले हालवता नाई येत, बाई," तानुबाई म्हणाली. "डोक्सं दिसून राहिलं लेकराचं."

जमुना तापवायचे पाणी भरून घ्यायला अंगणात आली होती. तिने सवयीने माझ्या फरशीकडे पाहिले आणि जागीच थांबली. आभाळ फाटले होते, अंगणात घोट्याएवढे पाणी होते, आणि माझ्या तोंडातून एक थेंब पडत नव्हता.

"आवो!" तिने जी हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे. "पन्हय कोरडी काहून हाय? पानी वरच हाय सारं! धाबं बसते आता!"

गोवर्धनच्या हातातला कापूस तिथेच गळून पडला. तो गोठ्याकडे धावला. नव्या छपरासाठी आणलेली एक जाड मेढ तिथे पडली होती. ती त्याने ओढत माजघरात नेली, तिचे बेचके तुळईखाली घातले आणि खालच्या टोकाला खांदा लावून ती उभी रेटू लागला. मेढ पुरती उभी राहीना. तो तिला तसाच खांदा देऊन उभा राहिला.

"जमुने, लवकर! माह्यानं लय वेळ धरवत नाई!"

जमुनाने भिंतीला शिडी लावली. गारा तिचे डोके झोडपत होत्या. तिने माझ्या तोंडात हात घातला, पण गोळा दूर होता. पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, काडी घातली, ती मोडली. ती खाली उतरली, उखळापासचे मुसळ उचलले, पदर खोचला आणि पुन्हा वर चढली. मग दोन्ही हातांनी मुसळ माझ्या घशात मारले. पहिल्या घावाने काही झाले नाही. शिडी हलली. खालून सुभद्राची किंकाळी आली. जमुनाने दात ओठ खाऊन पुन्हा मुसळ मारले, मग पुन्हा. माझे लाकूड एका बाजूने चिरले. मला त्याचे दुःख झाले नाही.

आणि गोळा फुटला! चिखल, गारा, पाला आणि तळेभर पाणी माझ्यातून एकदम सुटले. मुसळ तिच्या हातातून उडाले. शिडी सरकली, तसे तिने दोन्ही हातांनी मलाच मिठी मारली. मी भिंत सोडली नाही. पाय पुन्हा शिडीवर टेकेपर्यंत ती माझ्याच आधाराने लोंबकळत राहिली.

धाबे हलके होत गेले. तुळईचे कण्हणे थांबले. गोवर्धनला मेढ सरळ रेटता आली आणि तो खाली बसला. थोड्या वेळाने झरोक्यातून एक बारीक, रागीट रडणे वर आले.

"पोरगी झाली," तानुबाई म्हणाली. "चांगली खणखणीत हाय."

अर्धा कापूस मातीने माखून वाया गेला. त्याबद्दल त्या दिवशी घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

या वेळी गोवर्धन स्वतः अकोल्याला गेला आणि सत्तारला घेऊनच परतला. सत्तारने तुळई पाहिली, मेढ पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"वहिनी, तुमचा निरोप मले भेटला होता. पुलावर मजुरी चांगली होती, मी उद्या जातो, उद्या जातो म्हनत राह्यलो. चूक माहीबी हाय."

"तुमी आले नाई, अन् यायनं घाई केली," जमुना सरळ म्हणाली. "दोघायच्या मधात पोरगी मरत होती."

सत्तारने शिडी लावली आणि गोवर्धनने टोपले उचलले.

मग काम सुरू झाले. काळी माती खरवडून काढायची ती गोवर्धननेच काढली. गढीवरून पांढरी मातीही त्यानेच गाडीने आणली. तुळई बदलली, माझा सांधा बुजवला आणि माझ्या चिरेला लोखंडी पट्टी मारली, ते सत्तारने.

"आता पुढं मी हात लावू का नाई?" गोवर्धनने विचारले.

"लावा ना! पन्हय साफ करा, भेगा बुजवा. पन तुळई वाकली, का भित फुगली, तं मले बोलवा."

"अन् तुमी आले नाई तं?" जमुनाने विचारले.

"तं असंच बखोटीले धरून आना, वहिनी."

पुढच्याच साली अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन उतरला. माजघरात पुन्हा ज्वारीच्या कणग्या आल्या. सुभद्राची लेक मामाकडे आली की माझ्या धारेखाली नाचे. नंतर घरावर कौले चढली, मला उतरवून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले, आणि हळूहळू सगळे मला विसरले. आता माझ्यावर कोंबड्या बसतात. माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. घर गळू लागले की जे काम तुमच्या हाताला येते, ते लगेच करा. जे येत नाही, त्यासाठी जाणत्याला बोलवा, आणि तो आला नाही तर त्याच्या दारात जाऊन बसा. आणि पाणी घरात कुठून येते हे तर सगळेच पाहतात. ते बाहेर कुठून जाते, तेही कधीतरी वर चढून पाहत जा.