आंदणातलं जुनं कपाट

जन्मात माह्या पोरीनं, दामिनीनं, मले एकच गोष्ट मागतली, अन् तेवढीही म्या धड सांभाळली नाही.

लग्न ठरलं तवाच तिनं सांगतलं, "बाबा, आंदणात सोफा नको, दिवाण नको. सासरी जठारपेठेत दोनच खोल्या आहेत. माह्यं कपाट तेवढं नीट ठेवा." कपाट म्हणजे पुस्तकांचं. उंच, अरुंद, सागाचं. डेन्मार्क देशातलं म्हणे, साठ वर्षं जुनं! अमरावतीच्या एका जुन्या सामानवाल्याकडून तिनं स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. लग्नापर्यंत ते तेल्हाऱ्याले आमच्याकडे होतं.

आता तुमीच सांगा. आंदण मांडवात मांडतात, पाहुणे एकेक वस्तूले हात लावून पाहतात. तिथं हे विटलेलं, डाग पडलेलं लाकूड ठेवू? लोक म्हणतीन, खुशालरावानं एकुलत्या एका पोरीले भंगार देल्लं! माह्या जिवाले तेच खात होतं.

नेलं मंग पॉलिशवाल्या कुर्बानकडे. त्यानं फळीवर हात फिरवला. "काकाजी, हे जुनं आहे म्हणूनच याले मोल आहे. वरचा सागाचा थर कागदावानी पातळ आहे. घासू नका. पोरीले एक फोन करा."

"पोरगी माही का तुही? लाव घासायची मशीन!"

त्यानं लावली. बाजूच्या फळीवर दोनच फेरे झाले अन् साग उडाला, खालून पांढरट लाकूड निघालं. कुर्बान मशीन बंद करून माह्याकडे पाहत राहिला. तवाही फोन करता आला असता. म्या म्हटलं, "गडद रंग मार, वरून चांगली चकाकी दे." घरी सांगतलं तं माही बायको गोदाबाई कपाळावर हात मारून म्हणे, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

मांडवात मातर सारे म्हणत होते, "वा खुशालराव, काय चमकून राहिलं कपाट!" म्या आपला मिशीत हसलो. मंग हळदीच्या हातानं दामिनी आली. बाजूच्या फळीवर तिनं बोट फिरवलं.

"कोणं केलं हे?"

"म्याच, बाई. तुह्यासाठी."

"माह्यासाठी नाही, बाबा. लोकायसाठी."

बाप्पा, ते भांडली असती तं म्या तिचे पाय धरले असते! पण टेम्पो भरताना तिनं शांतपणे सांगतलं, "कपाट राहू द्या." माह्या पाया पडली अन् गेली.

चार महिने झाले. कपाट आमच्या बैठकीत उभं आहे. गोदाबाई त्यात काही ठेवत नाही, मले ठेवू देत नाही. दामिनी रोज आईशी तासभर बोलते. कधी म्या फोन उचलला तं विचारते, "जेवले का, बाबा?" म्या हो म्हणतो.

"बरं," म्हणते, "आईले द्या."