खंडेनवमीची नळी

सूर्याकडं नळी रोखून हवेतली धूळ नि धूर मोजणारं यंत्र नांदेडच्या कॉलेजच्या गच्चीवर बसलं, तेव्हाच ते देणाऱ्या केंद्रानं तनुजाला बजावलं होतं : वर्षभर एकही दिवस खाडा नको. खाडा झाला की यंत्र लातूरला. तनुजाची पीएचडी याच यंत्रावर होती, आणि नांदेडातून एकदा लातूरला गेलेलं काही परत येत नाही, असं तिचे वडील म्हणत.

तीनशे एकसष्टावा दिवस खंडेनवमीचा निघाला.

दुपारी केंद्रातून फोन आला. "मॅडम, तिकडे ज्वालामुखी वगैरे फुटलाय का? तुमच्या यंत्राला सकाळपासून सूर्यच दिसत नाहीये."

तनुजानं खिडकीतून पाहिलं. सूर्य होता. भरपूर होता.

ती गच्चीवर धावली. भिंगावर रुपयाएवढं कुंकू, नळीला झेंडूचा हार, आणि हाराचा दोरा आत गुंतून नळी सूर्यामागं फिरवणारी मोटर जळालेली. नळी प्राचार्यांच्या केबिनकडं टक लावून थांबली होती. तिथं मोजण्यासारखं काही नव्हतं.

"ईश्वरप्पा!"

शिपाई ईश्वरप्पा खोबऱ्याचा प्रसाद घेऊनच वर आला. सकाळपासून त्यानं झेरॉक्स, बोअरची मोटर, प्राचार्यांची जीप, सगळ्यांची पूजा उरकली होती.

"भिंगाला कुंकू कशाला लावलं?"

"मंग कुठं लावू? त्याला कपाळ कुठं हाय? अन् समद्या मशिनींचं करून ह्यालाच सोडलं तर वाईट वाटंल की."

"कुणाला?"

ईश्वरप्पानं यंत्राकडं पाहिलं. यंत्र केबिनकडं पाहत होतं.

"आता हे लातूरला जाणार."

"लातूरला?" ईश्वरप्पाची सासुरवाडी लातूरची होती. त्यानं प्रसाद खाली ठेवला. "मी जित्ता हाय तवर न्हाई."

कुंकू पुसून निघालं, मोटर काही चालेना. दिवस मावळायला तासभर होता. नळीवरच्या बारीक छिद्रातून उन्हाचा ठिपका खुणेवर पडला की नेम बरोबर. अशी तीन मापं मिळाली की दिवस भरला. ईश्वरप्पानं नळीला मिठी मारली आणि ठिपका खुणेवर आणला.

"हलू नका."

"न्हाई."

"श्वास तरी घ्या."

"घेऊन राहिलो. थोडाथोडा."

पहिलं माप केंद्राला गेलं. दुसरं गेलं. फोन वाजला.

"वा! नवी मोटर बसवली का?"

"हो."

"कुठल्या कंपनीची?"

"इथलीच आहे. लोकल."

फोन ठेवून तनुजानं कुंकवाची वाटी उचलली. मोटरची पूजा राहिली होती, आणि या मोटरला कपाळ होतं. तिनं बोट टेकवलं.

ईश्वरप्पानं मान वाकवली नाही. तिसरं माप चालू होतं.